मधला कागद गायब

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने कॉमिक विकत आणलं की घरातले लोक आधी तब्येतीची चौकशी करतात. सून हसली. मुलगा म्हणाला, "बाबा, पन्नास डॉलर? ह्या रद्दीला?" तो बोलला ते रागाने नाही, पण रद्दी हा शब्द मला जरा लागला. मिरजेत अडतीस वर्षं मी छापखाना चालवला. आधी ट्रेडल, मग सिलिंडर, शेवटी बेबी ऑफसेट. लग्नपत्रिका, शाळांची प्रगतिपुस्तकं, साखर कारखान्याच्या पावत्या असला सगळा माल. छापलेल्या कागदाला रद्दी म्हणायचा हक्क फक्त आमचा, कारण ती आम्हीच करायचो.

दर दोन वर्षांनी सहा महिने मी न्यू जर्सीत मुलाकडे असतो. इथून तासाभरावर डेलावेअर नदीच्या काठाला लँबर्टव्हिल म्हणून गाव आहे. जुन्यापान्या वस्तूंच्या दुकानांसाठी ते प्रसिद्ध. एका रविवारी सगळे तिकडे गेलो. सून चिनी मातीच्या बश्या बघत होती आणि मी एका टेबलापाशी अडकलो. टेबलावर पुठ्ठ्याची लांब खोकी, खोक्यांत प्लास्टिकच्या पिशव्या, प्रत्येक पिशवीत एक कॉमिक आणि मागे पांढरा पुठ्ठा. तिथून पाच अंक घेतले. पाचही एकाच मालिकेचे, 'टॉमहॉक'. पहिल्यांदा मालाबद्दल सांगतो, मग विकणाऱ्याबद्दल. विकणाऱ्याशी माझं थोडं वाजलं, तेही सांगणार आहे.

टॉमहॉक कोण, ते आधी. डीसी म्हणजे सुपरमॅन आणि बॅटमॅनवाली कंपनी. त्यांच्या 'स्टार स्पँगल्ड कॉमिक्स' नावाच्या अंकात जून 1947 मध्ये, 69व्या अंकात, हा पहिल्यांदा आला. लेखक जो सॅमॅकसन, चित्रकार एडमंड गुड. अंगात हरणाच्या कातड्याचा झालरी लावलेला अंगरखा, डोक्यावर शेपटीवाली रकूनच्या कातड्याची टोपी, हातात ठासणीची लांब बंदूक, कमरेला कुऱ्हाड. बरोबर डॅन हंटर नावाचा पोरगा. काळ अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा, जागा जंगलाच्या कडेच्या वसाहती, शत्रू लाल कोटातले इंग्रज आणि त्यांना सामील झालेल्या टोळ्या, आणि वरचा साहेब जॉर्ज वॉशिंग्टन. त्याच अंकांत बॅटमॅनचा साथीदार रॉबिन ह्याच्याही स्वतंत्र गोष्टी चालू होत्या. हळूहळू ह्या जंगली माणसाने मुखपृष्ठावरून रॉबिनला हटवलं आणि 1950 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याच्या नावाचा स्वतंत्र अंक निघाला. तो 1972 पर्यंत चालला, एकूण 140 अंक. रकूनच्या टोपीचं वेड अमेरिकेत पसरलं ते 1954-55 मध्ये, डेव्ही क्रॉकेट टीव्हीवर आला तेव्हा. आमचा गडी ती टोपी त्याच्या सात वर्षं आधीपासून घालून हिंडत होता.

'आमचा गडी' असं मी उगाच म्हणत नाही. लहानपणी हा मला भेटलाच नव्हता. आमच्याकडे इंद्रजाल होतं, वेताळ होता, मँड्रेक होता. 1964 साली इंद्रजाल सुरू झालं तेव्हा मी प्राथमिक शाळेत. साठ पैशांचा अंक स्वतःच्या मालकीचा घेण्याची ऐपत नव्हती. गल्लीत एकाकडे यायचा आणि तो सगळीकडे फिरून त्याच्याकडे परत जाईपर्यंत त्याचं कव्हर गेलेलं असायचं. लँबर्टव्हिलच्या त्या खोक्यात हात घातला आणि पिशवीच्या तोंडातून जो वास आला, तो त्या फिरून आलेल्या अंकाचा होता. न्यूजप्रिंट म्हातारा झाला की असा वास येतो, थोडा आंबट आणि थोडा व्हॅनिलासारखा. कागदातलं लाकूड कुजतं म्हणून येतो. तो पुडीत भरून विकला तर मी घेईन.

आता भिंग काढतो. भिंग माझ्या खिशात असतंच, ही सवय गेली नाही.

मला ही कॉमिक्स आवडायचं पहिलं कारण छपाई. चांगली आहे म्हणून नाही, वाईट आहे म्हणून, आणि वाईट असून चालते म्हणून. त्या काळची बहुतेक अमेरिकन कॉमिक्स इलिनॉय राज्यात स्पार्टा नावाच्या गावी एका प्रचंड छापखान्यात निघायची, रोटरीवर, लेटरप्रेसने. लेटरप्रेस म्हणजे आमच्याच घराण्याचं काम. उठावाच्या प्लेटवर शाई लावायची आणि कागदावर दाबायची. रंग चार. काळा सोडून पिवळा, किरमिजी आणि आकाशी प्रत्येकी तीन जाडीत वापरायचे: पाव, अर्धा, पूर्ण. कोरा कागद धरला तर एका रंगाच्या चार पायऱ्या, म्हणून चार गुणिले चार गुणिले चार, एकूण 64 छटा. इंग्रजाचा लाल कोट, शरद ऋतूतलं मेपलचं पान, वणवा, रक्त आणि वॉशिंग्टनच्या गालाची लाली, सगळं त्या 64 मध्येच बसवायचं. कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला रंगांच्या फिल्मा हाताने करणाऱ्या बहुतांश बायका होत्या. एका पानाला तासन्‌तास बसून ब्रशने भरायच्या. त्यांची नावं अंकावर कुठेच नाहीत. आमच्या कंपोझिटरांची तरी कुठे असायची?

माझ्याकडच्या एका अंकात एका पानावर किरमिजी रंग जवळजवळ एका तांदळाएवढा उजवीकडे सरकलाय. त्यामुळे टॉमहॉकचे ओठ त्याच्या तोंडाच्या बाहेर, हवेत बोलतात. आम्ही असा फर्मा काढला असता तर गिऱ्हाइकाने पत्रिका तोंडावर मारल्या असत्या. इथे कोणी मारल्या नाहीत. दहा सेंटचा अंक, 1962 च्या सुमाराला बारा सेंटचा झाला, आणि वाचणारं पोरगं नऊ वर्षांचं. एका अंकात टपालखात्याच्या नियमाप्रमाणे खपाचा तक्ता छापलाय. आकडा लाखाच्या वर. मी तो दोनदा वाचला आणि मुलाला दाखवला. तो म्हणाला, "हं." त्याला लाख प्रती म्हणजे किती रात्रपाळ्या ते माहीत नाही.

आता चित्रांकडे येतो. सुरुवातीच्या थोड्या गोष्टींनंतर टॉमहॉक फ्रेड रे ह्या चित्रकाराच्या हाती आला आणि साठच्या दशकापर्यंत बराचसा त्याच्याच हाताखाली राहिला. सुपरमॅनच्या हातावर गरुड बसलाय, मागे पट्ट्यापट्ट्यांची ढाल, हे 1942 सालचं मुखपृष्ठ तुम्ही कुठे ना कुठे बघितलं असेल. ते ह्याचंच. माणूस पेनसिल्व्हेनियाचा आणि जुन्या सैन्याच्या गणवेशांचं त्याला भारी वेड. भिंगाखाली कळतं. खांद्यावरून आडवे गेलेले दोन पांढरे पट्टे, त्यांच्या फुलीवर पितळी चकती, काडतुसांची पेटी उजव्या कुल्ल्यावर, गुडघ्यापर्यंतच्या काळ्या गेटर्सना, म्हणजे पायांवरच्या कापडी आवरणांना, बाजूने बटणं. बटणं! चौकट माझ्या अंगठ्याएवढी, त्यात सहा शिपाई, आणि पुढच्या शिपायाच्या गेटरवर ब्रशने टेकवलेले नऊ ठिपके. मी मोजले. पुढे छपाईत ते मिटणार हे त्याला माहीत असणार, तरी काढलेत.

बंदुकाही तशाच. इंग्रज शिपायाची मस्केट जाड तोंडाची, नळी आतून गुळगुळीत. भराभर भरता येते, मिनिटाला तीन बार, पण शंभर पावलांपलीकडे नेम देवावर. टॉमहॉकची लांब रायफल वेगळी. पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरच्या आसपास जर्मन लोहारांनी घडवलेली, नळीच्या आत पिळाचे आटे, भरायला वेळखाऊ, पण नेमाला पक्की. चित्रात दोन्हींच्या दस्त्यांचा बाक वेगवेगळा दिसतो. बारा सेंटच्या कागदावर ही शिस्त म्हणजे मला तरी कौतुक वाटतं.

तर असा हा बारकाईचा माणूस. आता माझ्या नातवाचं ऐका.

नातू दहा वर्षांचा. त्याला मी मोठ्या हौसेने अंक दाखवला. म्हटलं, बघ, ही इंडियन लोकांची वस्ती. त्याने पान वळवून बघितलं आणि म्हणाला, "आजोबा, हे रॉंग आहे. हे टीपी आहेत. टीपी इथे नव्हतेच."

"म्हणजे?"

"इथे लेनापी राहायचे. ते विगवॅम आणि लाँगहाउसमध्ये राहायचे. आम्ही स्कूलमध्ये बनवलंय. झाडाच्या सालीचं असतं." मग आतून त्याचा पुठ्ठ्याचा विगवॅम घेऊन आला, वरून तपकिरी कागद चिकटवलेला, पालथ्या टोपलीसारखा. "टीपी तिकडे वेस्टला, बफेलोवाले. हे फेदर्सपण त्यांचेच."

मी परत भिंग लावलं. पोरगं बरोबर बोलत होतं. पूर्वेच्या जंगलातले लोक, लेनापी असोत, मोहॉक असोत, झाडाच्या सालीची घरं बांधायचे. हॉडेनोसॉनी, ज्यांना आपण इरोक्वाय म्हणून वाचलं, त्यांच्या लाँगहाउसात एकेका कुळाची कितीतरी कुटुंबं एका छपराखाली राहायची. त्यांच्याकडे शेतं होती, मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात. कोणी घोड्यावर बसून गवताळ मैदानातून गव्यामागे पळत नव्हतं. आणि चित्रात मात्र शंकूच्या आकाराचे तंबू, टाचेपर्यंत लोंबणारी पिसांची टोपणं. मैदानी टोळ्यांचा सगळा संसार उचलून हजार मैल पूर्वेला आणून ठेवलाय. म्हणजे आपल्याकडे कोकणातली गोष्ट सांगताना गावात उंट आणि वाळूच्या टेकड्या काढण्यातला प्रकार.

हे मला खटकलं आणि अजून खटकतंय. चूक सगळ्यांकडून होते. पण शत्रूच्या गेटरची बटणं मोजून काढणारा माणूस ज्यांची जमीन होती त्यांचं घर कसं दिसायचं ते बघत नाही, ह्याला चूक म्हणवत नाही. त्याने ते बघावं असं कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. सांगणारं कोणी असतं तर तो लाँगहाउसच्या सालीचा एकेक टाका काढून बसला असता, एवढं त्याच्या हाताकडे बघून मी लिहून देतो.

वॉशिंग्टनचंही तेच. ह्या गोष्टींत तो नेहमी पांढऱ्या केसांचा शांत साहेब, तंबूत बसून नकाशावर बोट ठेवणारा. इतिहासात 1779 च्या उन्हाळ्यात ह्याच साहेबाने जनरल सलिव्हनला इरोक्वाय मुलुखात पाठवलं आणि सैन्याने चाळीसहून जास्त गावं आणि उभं पीक जाळलं. सेनेका लोकांचा प्रमुख कॉर्नप्लँटर 1790 मध्ये वॉशिंग्टनला भेटला तेव्हा त्याने तोंडावर सांगितलं होतं की आमच्यात तुमचं नाव 'गावं जाळणारा' असं पडलंय. त्यातही सगळे इरोक्वाय इंग्रजांकडे नव्हते. ओनायडा आणि टस्करोरा बंडखोरांच्या बाजूने लढले होते. भाऊ भावाविरुद्ध गेलेला. किती गोष्टी होत्या त्यात! 140 अंक पुरले नसते.

त्याऐवजी पन्नासच्या दशकाच्या शेवटी आणि साठच्या दशकात काय आलं, तर डायनोसॉर. परग्रहावरचे प्राणी. आणि माझ्याकडच्या 86व्या अंकात, 1963 चा, किंग कोलोसो. गोरिला. घराएवढा. स्वातंत्र्ययुद्ध चालू आहे, इंग्रज दारात आहेत आणि जंगलातून घराएवढा गोरिला येतो. त्या काळी मुखपृष्ठावर माकड असलं की अंक खपतो असा त्या कंपनीत समज होता म्हणे. गोरिलाला रंग द्यायला सोपं, हे मी छापखानेवाला म्हणून सांगतो. एकच गडद रंग, सोडून द्या. हा अंक वाचताना मी आणि नातू इतके हसलो की सून बघायला आली. इतिहासाचं पार वाटोळं, पण पैसे वसूल. ह्याला मी पाचापैकी साडेतीन गुण देतो. दीड गोरिलाचे.

ह्याच सुमाराला टॉमहॉकला एकट्याऐवजी टोळी मिळाली, रेंजर्स. बिग अँव्हिल, स्टोव्हपाइप, ब्रास बटन्स, फ्रेंची अशी त्यांची नावं. प्रत्येकाचा एकच गुण आणि तोच नावात. आपल्या तमाशातल्या सोंगाड्यासारखं, तोंड दिसलं की माणूस कळला. फार खोलात जायचं कारण नाही. 81व्या अंकात मिस लिबर्टी येते, दिवसा परिचारिका आणि वेळ आली की तोंडावर मुखवटा आणि अंगावर झेंड्याचे पट्टे-तारे. तिच्यावर अजून लिहिलं असतं, पण त्याच अंकाने घात केला. ते पुढे.

एक अंक 1969 च्या आसपासचा आहे, मुखपृष्ठ नील अ‍ॅडम्सचं. बाहेरचं चित्र बघून आतल्या गोष्टीकडून जी अपेक्षा होते ती गोष्ट पुरी करत नाही. पण मागच्या पानांतली जाहिरात बघा: स्वातंत्र्ययुद्धाचे 204 प्लास्टिकचे सैनिक, लाल इंग्रज, निळे अमेरिकन, पोस्टाने घरपोच. नातवाने विचारलं, अजून मागवता येतील का. मी म्हटलं, पत्ता जुना झाला रे बाळा.

पाचातला सगळ्यात चांगला अंक 131 नंबरचा, 1970 च्या नोव्हेंबर-डिसेंबरचा. संपादक जो क्युबर्ट, चित्रं फ्रँक थॉर्न. आता मुखपृष्ठावर 'टॉमहॉकचा मुलगा' असं ठळक आहे. टॉमहॉक म्हातारा झालाय, दाढी पिकलीय, जंगलाकडेला घर करून राहिलाय. बायको मून फॉन, तिथल्याच टोळीतली. मोठा मुलगा हॉक, अर्धा इकडचा अर्धा तिकडचा, केसांत एक पांढरी बट. गावातल्या गोऱ्या लोकांना तो खुपतो. गोष्टीचं नावच 'फासावर चढवा त्याला' अशा अर्थाचं. गोरिला नाही, डायनोसॉर नाही. नुसता द्वेष, आणि आईकडे बघून खाली मान घालणारी माणसं. थॉर्नची रेघ जाड, कोरडी, ब्रश जवळजवळ सुकल्यावर ओढल्यासारखी. म्हाताऱ्या टॉमहॉकचा हात एका चौकटीत बंदुकीच्या दस्त्यावर आहे, सांधे सुजलेले. माझे सांधे असेच आहेत, खिळे जुळवून आणि हिवाळ्यात रोलर धुऊन. त्या चौकटीवर मी बराच वेळ थांबलो. तेवीस वर्षं टोपी न काढलेल्या माणसाला कोणीतरी शेवटी वय दिलं होतं. असं केल्यावर अंक दहाच निघाले, 140 ला मालिका बंद पडली. चांगलं काम केलं की गिऱ्हाईक जातं, हा धंद्यातला जुना अनुभव आहे.

आमच्यासारख्यांनी हे का वाचावं, असं मुलगा विचारत होता. त्याला मी इंग्रजांचा सेनापती कॉर्नवॉलिस सांगितला. लँबर्टव्हिलहून नदीच्या कडेने खाली गेलं की काही मैलांवर ती जागा लागते जिथून 1776 च्या नाताळच्या रात्री वॉशिंग्टनने बर्फातून डेलावेअर ओलांडली आणि ट्रेंटनवर झडप घातली. मग आठवड्याभराने कॉर्नवॉलिस त्याला पकडायला आला. रात्र पडली, सकाळी खातमा करू म्हणून थांबला. वॉशिंग्टनने छावणीतल्या शेकोट्या पेटत्या ठेवल्या, तोफांच्या चाकांना फडकी गुंडाळली आणि सगळं सैन्य आडवाटेने काढून 3 जानेवारीला प्रिन्स्टन गाठलं. आपल्याला कात्रजच्या घाटातले बैल आणि त्यांच्या शिंगांना बांधलेले पलिते आठवल्याशिवाय राहतील का? तोच कॉर्नवॉलिस 1781 मध्ये यॉर्कटाउनला शरण गेला आणि पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरला. टिपूवर चालून गेला तेव्हा निजाम आणि आपले पेशवे त्याच्याबरोबर होते. सलिव्हन गावं जाळत होता त्याच 1779 सालच्या जानेवारीत आपल्याकडे वडगावला मराठ्यांनी कंपनीच्या फौजेला गुडघ्यावर आणलं होतं. कंपनीही तीच, जिचा चहा बॉस्टनच्या बंदरात 1773 ला पाण्यात गेला. सांगितल्यावर मुलगा परत "हं" म्हणाला, पण ह्या वेळी अंक उघडून बसला.

आता विकणाऱ्याचं. साधारण माझ्याच वयाचा, चष्मा दोरीला बांधलेला, आपल्या मालावर जीव असलेला माणूस. भाव असे: कव्हर नसलेला पन्नासच्या दशकातला एक अंक सहा डॉलर, 81 नंबर चौदा, 86 नंबर बारा, अ‍ॅडम्सवाला दहा, 131 आठ. कव्हर नसलेला स्वस्त देतो ते प्रामाणिकपणाचं वाटलं. प्रत्येक पिशवीवर पेन्सिलने शेरा लिहिलेला: कणा जीर्ण, कोपरा दुमडलेला, वगैरे. 81 वर शेरा होता 'पूर्ण'. पिशवीला चिकटपट्टी, आणि त्याने विनंती केली की इथे उघडू नका, वाऱ्याने पानं तुटतात. ते मला पटलं. चुकलं माझंच. अडतीस वर्षांत कागद मोजल्याशिवाय मी कधी ताब्यात घेतला नव्हता.

घरी येऊन 81 उघडला. गोष्ट चालू आहे, टॉमहॉक कड्यावर लोंबकळतोय, पान उलटलं तर दुसरीच माणसं दुसऱ्याच खोलीत बोलतायत. मी पिनेपाशी बोट लावून कागद मोजले. 32 पानांच्या अंकात दुमडलेले आठ कागद हवेत. सात भरले. मधला कागद गायब, म्हणजे चार पानं. पिनांची भोकं किंचित मोठी झालेली, म्हणजे कधीतरी कोणीतरी तो ओढून काढला. जाहिरातीच्या कूपनसाठी असेल, नाहीतर मधलं पान आपोआप सुटलं असेल. पण 'पूर्ण' लिहिणाऱ्याने मोजायला नको? शिवाय कण्याला आतून चिकटपट्टी लावलीय, तीही जुनी, मधासारखी पिवळी. ती शेऱ्यात कुठे होती?

पुढच्या रविवारी मुलाला घेऊन परत गेलो. मुलगा गाडीतच म्हणत होता की चौदा डॉलरसाठी आपण पेट्रोल जाळतोय. टेबलावर अंक ठेवला आणि इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी कागद मोजायला भाषा लागत नाही, एकेक उचलून मोजून दाखवले. सेव्हन. तो आधी म्हणाला की त्या काळात असंच यायचं. मी मान हलवली आणि पिनेची भोकं भिंगातून दाखवली. त्याने भिंग घेतलं, बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग मला विचारलं, मी काय करतो. मुलाने सांगितलं, छापखाना. त्यानंतर त्याचा सूरच बदलला. दहा डॉलर परत दिले आणि अंक ठेवून घ्या म्हणाला. वाद संपला, पण तक्रार शिल्लक आहे: असा शेरा लिहून चौदा डॉलर घेताना पिशवी आधी स्वतः उघडावी. कोणी तिथून काही घेणार असेल तर वाऱ्याबिऱ्याचं ऐकू नका, आडोशाला जा आणि कागद मोजा. आठ.

भारतात नेताना हे अंक हातातल्या बॅगेत सपाट ठेवणार, पुठ्ठ्यासकट. जुन्या न्यूजप्रिंटला ऊन आणि दमट हवा दोन्ही शत्रू. मिरजेचा पावसाळा बघता कपाटात कडुनिंबाचा पाला नको, तेलाचे डाग पडतात. कोरडा सुती कपडा आणि आडवं ठेवणं, एवढं पुरे. नातवाने मात्र कव्हर नसलेला सहा डॉलरचा अंक मागून घेतलाय. त्यातल्या टीपीवर तो ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलने लाँगहाउस काढतो. छप्पर चुकीचं झालं की खोडतो. काल म्हणाला, साल कशी दाखवायची आजोबा? मी त्याला आडव्या रेघा तुटक मारायला शिकवल्या.

त्या दिवशी दुकानातून निघताना विकणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितलं की 140 नंबर, शेवटचा अंक, त्याच्याकडे घरी आहे आणि तो माझ्यासाठी बाजूला ठेवलाय. पंधरा तारखेला जाणार आहे. पिशवी मीच उघडणार.